ज्वारीनंतरचा पहिला डबा

दिवाळीच्या आदल्या महिन्यातला रविवार, सकाळ. ठिकाण: अंबरनाथ पश्चिमेची आमची पिठाची गिरण. हजर: गिरणीचे मालक, म्हणजे माझे सासरे, ज्यांना मी बाबा म्हणते, त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, चहापुरता, आणि मी. विषय एकच: गिरण चालवायची, की गाळा भाड्याने द्यायचा.

तयार पिठाच्या पिशव्यांनी आमची गिऱ्हाईकं पळवली होती. मी सुचवलं, चिखलोलीच्या नव्या सोसायट्यांतून डबे आपणच आणू, दळू आणि घरपोच देऊ.

"गिऱ्हाईक समोर उभं नाही, तर ते दळण कसलं?" बाबा म्हणाले. "ते टपाल झालं."

"मग गाळा देऊन टाकू," नवरा म्हणाला. बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने उरलेला चहा उभ्यानेच संपवला. माझा ठराव मंजूर, मुदत दिवाळीपर्यंत.

मी डब्यांवर फ्लॅट नंबर चिकटवले, जाड-बारीक लिहिलं, स्कूटरला पुढे-मागे जागा केली. एकच गोष्ट सुटली. दगडात आधीच्या धान्याचं थोडं पीठ राहतंच, म्हणून ज्वारीनंतर पहिला गव्हाचा डबा कुणालाच नको असतो. गिरणीत बायका "तुमचं होऊ दे, मला घाई नाही" असं गोड बोलून एकमेकींना पुढे ढकलतात. शेवटी बाबा एखादीला म्हणतात, "वहिनी, तुमच्या पोळ्या अशाही कडकच होतात," आणि हशात तिचा डबा ओततात. आता समोर नुसते डबे, आणि प्रत्येकीचा मोबाइलवर निरोप: ज्वारीनंतर लगेच नको.

"आता कर की एखाद्या डब्याची थट्टा," बाबा म्हणाले. फार खुशीत होते.

शेवटी ज्वारीनंतर दरवेळी आमच्या घरचे गहू घालायचं ठरवलं. थोड्याच दिवसांत नवरा पोळी उजेडात धरून म्हणाला, "ही पोळी आहे की भाकरी, घरात एकदा काय ते ठरवा."

पण डबे वाढत गेले. बाबा स्कूटरवर मागे बसून यायला लागले, लक्ष ठेवायला म्हणून. चिखलोलीत एका दारात तरुण मुलीने त्यांना विचारलं, "काका, मल्टिग्रेन मिळेल का? म्हणजे गहू, ज्वारी, नाचणी, सगळं मिक्स? आमच्या बिल्डिंगमध्ये बऱ्याच जणींना हवंय."

 लिफ्टने खाली आल्यावर बाबा म्हणाले, "एकाचं दुसऱ्यात जाऊ नये म्हणून आयुष्यभर बोलणी खाल्ली. आणि ही मुद्दाम मागतेय?"

"आपण रोज घरी तेच खातोय, बाबा."

"आपण ते शिक्षा म्हणून खातोय."

मी स्कूटर सुरू केली नाही. म्हटलं, ही बिल्डिंग मिळाली तर दिवाळीनंतरही गिरण चालेल. नाही तर गाळा मागायला मोबाइल दुरुस्तीवाला परवाच येऊन गेलाय. बाबांनी बोट वर करून त्या उंच इमारतीचे मजले मोजले.

"घे ऑर्डर," ते म्हणाले. "पण नाचणी मी स्वतः निवडणार. तुमच्या भरवशावर लोक खडे खातील."

ऑर्डर घेतली. गहू आले, ज्वारी आली. नाचणीचं ताट बाबांच्या स्टुलाजवळ वर्तमानपत्राने झाकून ठेवलंय. चिखलोलीहून दोनदा फोन येऊन गेला. मी विचारलं की बाबा म्हणतात, "आधी साधे गहू होऊ देत."

नाचणी अजून निवडायची आहे.