सासऱ्यांनी घेतलेली मुलाखत

"सूनबाई, आधी ते इंजिन बंद कर. मला टॉवेल काढायचाय."

सासूबाई दारात ताटकळत उभ्या होत्या. छापखान्यात काम करणाऱ्या मुलाने कॉकपिटचं भलंमोठं चित्र छापून आणलं होतं आणि ते चिकटवण्याजोगी सपाट जागा घरात एकच होती, कपाटाची दारं. सून समोर स्टुलावर बसून कागदावरच्या बटणांवरून बोटं फिरवत होती.

तिची पस्तिशी जवळ आली होती. सहा वर्षं ती फ्लाइंग क्लबात इतरांना विमान उडवायला शिकवत होती. तिने शिकवलेले कितीतरी जण मोठमोठ्या विमानांवर गेले. तिच्या अर्जांना मात्र साधी पोचही येत नसे. आता कुठे लहान शहरांना जोडणाऱ्या एका विमान कंपनीने मुलाखतीला बोलावलं होतं. हाती बारा दिवस होते.

पुस्तकी प्रश्न तिला तोंडपाठ होते. बाकीचे विचारायचं काम सासऱ्यांनी अंगावर घेतलं. एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला माणूस! रोज चहानंतर इस्त्रीचा शर्ट घालून ते टेबलापलीकडे बसत.

"तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा," त्यांनी यादीतून वाचलं.

"मी कामात फारच बारकाईने लक्ष घालते, त्यामुळे कधीकधी..."

"ही चूक आहे की स्वतःचं कौतुक?" सासऱ्यांनी चष्मा काढला. "थांब, मी सांगतो माझी. एकदा ब्रेक जरा मऊ लागत होता. म्हटलं, परत आल्यावर दाखवू. उतारावर ब्रेक लागेना. गाडी बांधाला घासत घासत थांबवली. चाळीस माणसं होती आत. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, ते माझं नशीब, अक्कल नव्हे. त्यानंतर ब्रेक तपासल्याशिवाय आगाराबाहेर पडलो नाही."

स्वयंपाकघरातून सासूबाई तरातरा बाहेर आल्या. "इतक्या वर्षांत मला चकार शब्दाने बोलला नाहीत?"

"तू कधी मुलाखत घेतली नाहीस माझी."

तिघंही हसली. मग सून हळूच म्हणाली, "बाबा, मागे पंधरा दिवस मी घरी होते ना, तेव्हा मी सांगितलं तसं विमान दुरुस्तीला नव्हतं. क्लबने मलाच उड्डाणापासून थांबवलं होतं." नियंत्रण टॉवरने धावपट्टीच्या अलीकडे थांबायला सांगितलं होतं; शिकाऊ मुलीला समजावण्याच्या नादात थांबायची रेषा ओलांडली गेली. उतरू पाहणाऱ्या विमानाला पुन्हा वर जावं लागलं. तिने स्वतःच त्याच दिवशी लिहून कळवलं होतं.

"तरीच घरभर पडदे धूत सुटली होतीस," सासूबाई म्हणाल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवून तिथेच बसल्या.

सासऱ्यांनी यादीची घडी घातली. "हेच सांग," ते म्हणाले. "असंच सांग."

मुलाखतीत तो प्रश्न आलाच. तिने जसं घडलं तसं सांगितलं. पांढऱ्या केसांच्या कॅप्टनबाईंनी लिहिणं थांबवलं. "विमान ती मुलगी चालवत होती ना? मग अहवालात तिला दोष का दिला नाहीत?"

"विमानाची जबाबदारी माझी होती, मॅडम."

दुसऱ्या दिवशी सिम्युलेटरच्या नकली कॉकपिटमध्ये पहिल्यांदा उतरताना तिचं विमान दणकन आदळलं, दुसरं उतरणं बरं झालं. ती आशा-निराशेत घरी परतली. तीन आठवड्यांनी फोन आला: सहवैमानिक म्हणून निवड झाली होती.

सासरे तेव्हा अंगणात कुंड्यांची माती मोकळी करत होते. तिने बातमी सांगितली, तसे ते मातीच्या हातांनीच उभे राहिले. तिला पुष्कळ बोलायचं होतं. लग्नानंतर 'विमान सोड' असं या घरात एकदाही कुणी म्हटलं नव्हतं. पण तोंडून एवढंच निघालं, "बाबा, तुमचे आभार कसे..."

"आभार परक्यांचे मानतात, बाळ." त्यांनी बाहीने डोळे पुसले. "मी नुसतं विचारलं. बोललीस तू."

मग त्यांनी घराकडे तोंड करून सासूबाईंना अशी हाक मारली, की शेजारचेही बाहेर आले.