बसच्या दारातला आडवा हात

बसच्या दारात ती हात आडवा धरायची. खाली पालकांचा घोळका, मागे उतरायला उतावीळ झालेली पोरं, आणि मध्ये तिचा तो हात. "मम्मी किधर?" मम्मी दिसली की हात वर. "यल्ला बेटा, डाउन." नाही दिसली तर पोर परत सीटवर. इथे आखातात, आमच्या करामा वस्तीत शाळेच्या बसची वाट पाहत तुम्ही कधी उन्हात उभे राहिला असाल, तर अशी आंटी तुम्हीही पाहिली असेल. पण इतकी हट्टी नसेल पाहिली.

ती मूळची गांबियाची, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या लहानशा देशातली. शेजारच्या ऊद मेथा भागातल्या एका भारतीय शाळेच्या बसवर मुलं सांभाळायची. हिंदी ड्रायव्हरकडून शिकलेली, म्हणजे निम्मी रागावण्याचीच. तिचा शेवटचा थांबा आमच्या बिल्डिंगखाली, त्यामुळे ओळख वाढली. मी दिलेलं लिंबाचं लोणचं ती नुसतंच खायची. डोळे पुसत म्हणायची, "टू मच मिरची, दीदी," आणि बरणी परत पुढे करायची.

एकदा मला ऑफिसात उशीर झाला, म्हणून सांगलीहून आलेल्या माझ्या सासूबाई माझ्या लेकीला, इराला घ्यायला खाली गेल्या. छातीवर हात ठेवून त्यांनी "ग्रँडमा, ग्रँडमा" असं परोपरीने सांगितलं. आतून इरा ओरडत होती, "शी इज माय आजी!" बाईने "ग्रँडमा नो" म्हणत दार लावून घेतलं. मी येईपर्यंत लेक बसमध्येच.

"मी काय पोरीला पळवून नेणार होते?" सासूबाई दोन दिवस धुमसत होत्या. राग मलाही आला होता.

पुढे तिच्या नवऱ्याची नोकरी गेली. त्याच्या व्हिसावरच ती आणि तिची सात वर्षांची मुलगी इथे राहत होत्या. व्हिसा गेला म्हणजे मायदेशी परत जाणं आलं. त्या दिवशी ती आमच्या जिन्यात बसून राहिली आणि पहिल्यांदा सगळं बोलली. तिकडे तिची सासू नातीची वाट पाहत होती, मुलींचं जननांग कापायची रीत उरकायला. तिचंही लहानपणी कापलं होतं. नवा फ्रॉक घालून आजीनेच नेलं होतं. त्यापायी बाळंतपणात ती मरता मरता वाचली.

"पण तू आई आहेस. नाही म्हणून सांग ना," मी म्हटलं.

"माझी आईही नाहीच म्हणत होती, दीदी. म्हणून तर ती बाजारात गेल्यावर मला नेलं."

मी हे घरी सांगितलं. सासूबाईंनी उठून कुकर लावला. दुसऱ्या दिवशी मात्र माझ्याबरोबर खाली आल्या आणि बस थांबल्यावर मुद्दाम माझ्या मागे उभ्या राहिल्या.

इथे आश्रय मागायची सोय नाही. तिची बहीण युरोपात होती. तिच्याकडे पाहुणी म्हणून जायचं आणि तिथे पोचल्यावर आश्रयाचा अर्ज करायचा, असं तिने ठरवलं. नवरा आईपुढे तोंड उघडणारा नव्हता, पण त्याने या दोघींना अडवलंही नाही. बहिणीने तिथला वकील गाठून दिला, त्याने मुलाखतीत काय विचारतील ते फोनवर सांगितलं आणि आमच्या स्वयंपाकघरात तालीम सुरू झाली. मी अधिकारी झाले. सासूबाई मेथी निवडत ऐकायच्या.

सुरुवातीला ती मान खाली घालून नुसतं "ते काम" म्हणायची.

"मान वर करून सांग म्हणावं! लाज त्यांना वाटू दे," सासूबाई कडाडल्या. अस्सल मराठीत. मला भाषांतर करावंच लागलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती सरळ शब्द वापरायला लागली.

"तुमच्या देशात याच्याविरुद्ध कायदा आहे. पोलिसांकडे का जात नाही?" मी करड्या आवाजात विचारलं.

"माझ्या पुतणीचं कायदा झाल्यानंतरच कापलं. तिचा बाप पोलीस आहे."

"तुमच्यावर जे व्हायचं ते होऊन गेलंय. ते पुन्हा होणार नाही. मग तुम्हाला कसली भीती?" हा प्रश्न विचारताना माझीच जीभ अडखळली. किती थंड डोक्याने काढलेला प्रश्न!

ती अडखळली नाही. "माझं गेलं ते गेलं. तिचं राहू दे."

ती गेल्यावर बसवर नवी बाई आली. हसतमुख आहे, खालून कुणीही हात हलवला की मूल उतरवते. सासूबाईंना ते अजिबात पसंत नाही. मलाही नाही. मी आता ऑफिसातून धावतपळत येते.

परवा तिचा फोन आला. मुलाखत झाली होती, निकाल अजून यायचा होता. आम्ही घोकलेले सगळे प्रश्न आले, सगळ्यांची उत्तरं तिने नीट दिली. शेवटी अधिकाऱ्याने एक विचारलं, ते मात्र आमच्या तालमीत नव्हतं. समजा, मुलीला इथे राहू दिलं आणि तुम्हाला परत पाठवलं, तर?

"मग? काय म्हणालीस?" मी विचारलं.

"म्हटलं, तिला ठेवा. माझं तिकीट काढा."