वरचा कोण, खालचा कोण

आमच्या औरादच्या कॉलेजात चार मास्तर एकत्र बसले की एक किस्सा निघतो, आणि तो संपायच्या आत दुसरा. सध्या सगळे किस्से एकाच जपानी पिक्चरचे आहेत. तो दाखवायची अक्कल माझी, म्हणून सगळ्यांत जास्त डोकंही माझंच फिरलंय.

पिक्चर साधा. बंगल्यातली पोरगी, माळ्याचा पोरगा, दोघांचं जमतं, बंगल्यातल्यांना चालत नाही. मी मुद्दाम निवडला होता, कारण मला इतिहासाच्या सुजाता मॅडमशी लग्न करायचंय. त्या बौद्ध, आम्ही लिंगायत. अप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, हे तोंडानं सांगायची हिंमत नव्हती. म्हटलं, पिक्चर सांगेल.

*

रविवारी कॉलेजच्या हॉलमध्ये अप्पा पहिल्या खुर्चीत. पाच मिनिटांत माझ्या कानाशी आले, "ह्यातला वरचा कोण अन् खालचा कोण?"

पोरगी वरची, मी सांगितलं.

"मग ती कामून वाकायलीय?"

तिकडं सगळेच सगळ्यांना वाकतात. मालक वाकतो, माळीही वाकतो. कोण जास्त वाकला हे बघता बघता अप्पांचा अर्धा पिक्चर गेला.

*

मग त्यांनी पोराचं आडनाव विचारलं. आमच्याकडं आडनाव कळलं की बाकीचं आपोआप कळतं. मी सांगितलं. अप्पांनी ते दोनदा घोळवून बघितलं, हाती काहीच लागेना. गावात त्याचं घर कुठल्या बाजूला, असं विचारलं, तर तेही पिक्चरमध्ये नव्हतं.

प्रोजेक्टर सांभाळणारे उर्दूचे रफीक सर शेवटी वैतागले. "अप्पा, शादी जमारे क्या इनकी?"

*

इंटरव्हलला अप्पांनी निकाल दिला, की सगळे एकसारखेच दिसायलेत, मग भांडण कशाचं?

मागच्या खुर्चीतून सुजाता मॅडम शांतपणे म्हणाल्या, "अप्पा, आपल्या औरादात तरी कोण वेगळं दिसायलंय?"

अप्पांनी वळून बघितलं आणि ही बाई कोण म्हणून मला विचारलं. मी म्हणालो, "स्टाफ."

एवढंच! मॅडम आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. बरोबरच होतं त्यांचं.

*

इंटरव्हलनंतर चहाचा सीन आला. बंगल्यातली मालकीण माळ्याच्या पोराला हसून चहा देते, आणि तो गेल्यावर त्याचा कप बाकीच्या कपांपासून बाजूला ठेवते. अप्पा ताठ बसले. "आता कळलं," म्हणाले.

त्यानंतर एक प्रश्न नाही. घरापर्यंत एक शब्द नाही. मला वाटलं, पटलं. रफीक सर म्हणाले, बिघडलं. आई म्हणाली, पित्त झालं असेल.

*

शेवटी मी अप्पांना तोंडानंच सांगून टाकलं. बसवजयंतीला समतेवर तासभर बोलणारा माणूस तीन दिवस गप्प बसला. चौथ्या दिवशी म्हणाले, त्या स्टाफला चहाला बोलव.

मॅडम आल्या. आईनं ट्रे आणला. तीन स्टीलचे पेले आणि एक कागदी कप. आईनं आधी पेला मला दिला, मग कागदी कप उचलायला हात नेला. मॅडमनी ते पाहिलं. मला जमिनीत जावंसं वाटलं.

तेवढ्यात अप्पांनी तो कागदी कप स्वतःच उचलला आणि ट्रेमधला एक पेला मॅडमसमोर सरकवला. फुर्रकन एक घोट घेतला.

"बाई, तुमचं आडनाव काय?"

मॅडमनी सरळ त्यांच्याकडं बघत सांगितलं.

अप्पांनी ते दोनदा घोळवून बघितलं. मग म्हणाले, "त्या जपानी पोरासारखंच हाय. मला काईच कळंना."