सतरा इंचांचा ओटा

आमच्या घराची गल्लीतली ओळख काय आहे, हे मला एका रविवारी सकाळी दाढी करताना कळलं. समोरच्या सात मजली टॉवरच्या गेटात एक बाई फोनवर कुणाला तरी पत्ता सांगत होत्या, "सीधा आओ, हां... वो टूटा-फूटा ओटा दिखेगा ना, जिसपे बुढ़िया लोग बैठती हैं? बस, उसके सामने."

अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून मी खिडकीतून डोकावलो. गल्लीत दुसरा एखादा टूटा-फूटा ओटा असेल, अशी आशा होती. नव्हता.

बुवापाड्यातलं हे घर माझ्या वडिलांनी बांधलेलं. ओटा तर त्यांनी स्वतःच्या हातांनी रचला होता. शहाबादी फरश्या, त्यातली कोपऱ्यातली एक मधोमध चिरलेली. ओट्याच्या कडा बसून बसून गोल झाल्या होत्या. घराच्या जमिनीपेक्षा तो एक पायरी खाली होता आणि रस्त्यापासून अशा उंचीवर, की चढावं लागायचंच नाही. गल्लीतून चालत यायचं, पाठ फिरवायची आणि बसायचं. पायातली चप्पलही काढावी लागायची नाही.

आईचं सगळं जग त्या ओट्यावर होतं. तिचे दोन्ही गुडघे गेलेले. दारातून ओट्यापर्यंत चार पावलं, हाच तिचा रोजचा प्रवास. बाकीचं जग तिच्याकडे यायचं. रोज पाच वाजता पाच-सहा बाया, सगळ्या तिच्याच वयाच्या आणि साधारण तिच्याच गुडघ्यांच्या. आणि आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने, वर्षावासात, रोज संध्याकाळी तिथंच ग्रंथवाचन व्हायचं. विहार नाल्यापलीकडे आणि तोही पहिल्या मजल्यावर. तिथे यातली एकही बाई चढू शकत नव्हती. वाचायची माझी आई. चाळिशीत प्रौढांच्या वर्गात जाऊन ती अक्षरं शिकली. अजूनही ओळीखाली बोट ठेवून, एकेक शब्द पारखून घेतल्यासारखी वाचते. बाया म्हणायच्या, "आक्का वाचती तेवढंच डोक्यात शिरतं."

हे सगळं मला माहीत होतं. तरीही मी पुढे जे केलं ते केलंच.

याला थोडा हातभार माझ्या साडूंचाही आहे. साडूंचं बदलापूरला, बेलवलीत रो-हाऊस आहे. पुढे पोर्च, दोन खांब, तीन पायऱ्या, काचेचं रेलिंग आणि छतात गोल गोल दिवे. साडू त्याला "एलिव्हेशन" म्हणतात. चहा पिता पिता तीनदा म्हणतात. तिथून परत येताना माझी बायको काहीच बोलत नाही. लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या माणसाला त्या न बोलण्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

तर मी ठरवलं, आपल्यालाही एलिव्हेशन पाहिजे.

फरशी घ्यायला उल्हासनगरला गेलो. दुकानदाराने गल्ल्यावरूनच माझी नस ओळखली. "साईं, बाहर का काम है ना? ये देखो. मिरर फिनिश. मुँह दिखेगा, मुँह!" मी वाकून बघितलं. दिसलं. खरं तर ते बघूनच फरशी नाकारायला हवी होती. पण मी लगेच हो म्हणालो.

घरी येऊन नमुना आईपुढे ठेवला. "बघ, तोंड दिसतं यात."

"तोंड बघायला घरात आरसा हाय की," आई म्हणाली. मग माझा कागदावरचा नकाशा तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिला. "आन् बाया कुठं बसत्याल?"

"अगं, खुर्च्या आणू ना. वेताच्या. आणि ओटा घराच्या लेव्हलला घेणार आहे. तुला आता एक पायरीसुद्धा उतरावी लागणार नाही."

हे ऐकून तिने नकाशा घडी घालून परत दिला. पोराने आपल्या गुडघ्यांचा विचार केला म्हटल्यावर कुठली आई पुढे बोलणार? मला मात्र वाटलं, पटलं तिला. खरं सांगायचं तर लेव्हलची आयडिया आईसाठी नव्हतीच. साडूंकडे तीन पायऱ्या होत्या आणि तीन पायऱ्या करायच्या तर ओटा उचलणं भाग होतं. आईचे गुडघे मला आयते सापडले.

मिस्त्रीनेसुद्धा एकदा विचारलं, "शेठ, हाईट जास्ती नाय ना होत?"

मी अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. केसाएवढा फरक असला तरी मी माल परत पाठवतो. मला हाईट शिकवणार हा? मी खिशातला टेप काढून त्याच्यासमोर सगळं मोजून दाखवलं. रुंदी बरोबर, ढाळ बरोबर, पायऱ्या एकसारख्या आठ इंच. मोजायची राहिली ती एकच गोष्ट आणि ती नकाशात नव्हती.

जुन्या फरश्या शेजारच्या मावशी कपडे धुवायला घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "तुझ्या बापाने लई जीव लावून बसवल्या होत्या रे."

"मावशी, जमाना बदलला," मी म्हणालो. हे वाक्य आठवलं की अजून कानशिलं तापतात.

काम पौर्णिमेच्या आठवडाभर आधी संपलं. काळी चकचकीत फरशी, काचेचं रेलिंग, दिवे, दोन वेताच्या खुर्च्या, कुंडीत एक अरेका पाम. मी चार बाजूंनी फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले. साडूंनी फक्त एक अंगठा पाठवला. तो अंगठा मी दिवसभरात किती वेळा उघडून बघितला, ते बायकोला माहीत आहे. तीही त्या दिवशी बोलली, "छान दिसतंय हो." पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मी काहीतरी जिंकलो होतो.

त्या आठवड्यात पाच वाजता बाया यायच्या, पायऱ्यांखाली उभ्या राहायच्या, वर मान करून दोन शब्द बोलायच्या आणि "येते गं आक्का" म्हणून निघायच्या. मला वाटलं, असतील कामं. आई वेताच्या खुर्चीत काचेआड बसलेली असायची. रस्त्याने जाणारे नवा पोर्च बघायचे, म्हणजे आपोआप तिलाही बघायचे.

मग पौर्णिमा आली. आई सकाळीच पांढरं लुगडं नेसली. बायकोने खीर केली. संध्याकाळी मी ओट्यावर तथागतांची तसबीर मांडली, फुलं, मेणबत्त्या ठेवल्या, छतातले सगळे दिवे लावले आणि यजमानासारखा पायरीवर उभा राहिलो.

बाया आल्या. पांढऱ्या साड्या, हातात पिशव्या, "जयभीम आक्का" झालं. आणि सगळ्या खालीच थांबल्या.

"या ना वर," मी म्हणालो.

सगळ्यांत पुढच्या मावशींनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, रेलिंगकडे हात नेला आणि मागे घेतला. "काच हाय रे बाबा. डाग पडंल." मग चप्पल कुठं काढायची, यावर चर्चा झाली. चप्पल काढल्यावर एकीचा पाय त्या आरशावर असा सटकला की तिघींनी तिला धरली. दुसरी म्हणाली, "आक्का, तुझ्याकडं यायला आता पास काढावा लागंल गं."

"काचेच्या पेटीत बसवलंय पोराने. दुकानातल्या मालावानी," तिसरी म्हणाली.

सगळ्या हसल्या. आईही हसली. मीही हसलो, माझं हसू जरा उशिरा आलं.

शेवटी बायांनीच तोड काढली. समोर टॉवरच्या गेटालगत फुलझाडांसाठी बांधलेला एक बुटका कठडा आहे. तिथे गेल्या, पाठ फिरवली आणि ओळीने बसल्या. रस्त्याच्या या बाजूला वर माझी आई, त्या बाजूला खाली बाया. त्रिसरण-पंचशील झालं आणि आईने रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला सुरुवात केली. मधून रिक्षा, मोटारसायकली. एक पान होतंय न होतंय तोच टॉवरचा वॉचमन आला. बिचारा अवघडून म्हणाला, "मावशी, इधर मत बैठो ना. सेक्रेटरी साहब मेरे को बोलते हैं."

बाया उठल्या. आपापसात काहीतरी ठरलं. मग शेजारच्या मावशी पायऱ्यांपाशी येऊन म्हणाल्या, "आक्का, उद्यापासून माझ्या भाचीच्या खोलीत बसतो. गल्लीच्या त्या टोकाला. तुला तुझा पोरगा सोडील की गाडीवर."

"मोटारसायकलवर टांग टाकू मी?" आई म्हणाली. "तुम्ही बसा गं. मी घरात वाचीन."

अगदी साध्या आवाजात म्हणाली. मला एक शब्द बोलली असती तर बरं झालं असतं. बायको मात्र खिरीचं पातेलं आत नेताना म्हणाली, "अहो, उरली सगळी. साडूंना बोलवा."

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर आई आतल्या खोलीत पलंगावर बसून वाचत होती. मोठ्याने, नेहमीसारखी, बोट ओळीखाली. मी हातपाय धुवत ऐकत होतो. एक परिच्छेद संपला आणि ती थांबली. ती नेहमीच थांबते. मग बाया "साधू, साधू" म्हणतात, एखादी काहीतरी विचारते, दुसरी तिला गप्प करते. आई थांबली, वाट बघितली. मग स्वतःशीच हळू आवाजात "साधू" म्हणाली आणि बोट खालच्या ओळीवर सरकवलं.

मी चहा न घेता टेप उचलला आणि रस्ता ओलांडला. टॉवरच्या त्या कठड्यापुढे गुडघ्यावर बसून मी त्याची उंची मोजली. सतरा इंच. पुन्हा मोजली. सतरा.

"क्या नाप रहे हो अंकल?" वॉचमन.

"मेरी अक्कल," मी म्हणालो.

"मिली?"

घरी येऊन भिंतीवर, नव्या पोर्चच्या कडेबाहेर, जुन्या ओट्याची सिमेंटची रेघ अजून दिसत होती, ती रस्त्यापासून मोजली. सतरा इंच आणि वर दोऱ्याएवढा फरक. वडिलांकडे टेपसुद्धा नव्हता. त्यांनी बहुतेक आईलाच उभी करून म्हटलं असेल, बस बरं.

मिस्त्रीला फोन केला. त्याने येऊन ऐकून घेतलं आणि डोक्यावरची टोपी काढली. "शेठ, जुनं तोडून नवं बसवणारे लई बघितले. नवं तोडून जुनं बसवणारे तुमीच पयले."

चार दिवस तोडफोड चालली. रेलिंग काढलं, पुढचा दीड फुटाचा पट्टा तीन पायऱ्यांसकट फोडला आणि त्या जागी घराच्या पूर्ण रुंदीचा सतरा इंचांचा कट्टा घातला. कडेला वर यायला एक पायरी ठेवली. आईने पहिल्या दिवशी आतून विचारलं, "आता काय रं?"

"दुरुस्ती."

"बिघडलं काय होतं?"



कट्ट्यावर काय बसवायचं, हा प्रश्न शेजारच्या मावशींनीच सोडवला. भाच्याकरवी फरश्या आणून दारात टाकल्या. "घे तुझ्या बापाच्या. महिनाभर धुणं धुतलं त्याच्यावर, आता तर अजून स्वच्छ झाल्यात. तुझा तो जमाना काय म्हणतो?"

मी मान खाली घालून फरश्या मोजल्या. सगळ्या होत्या, चिरलेलीसुद्धा.

आता आमचा पोर्च मागून बेलवली आणि पुढून बुवापाडा आहे. काळ्या आरशापुढे करडी शहाबादी, तिच्यावर साबणाचे पांढरे ओघळ. साडू येऊन बघून गेले. "साडूभाऊ, हे... डिझाईन कुणाचं?" म्हणाले. मी म्हणालो, दोघांचं आहे, तुमचं आणि माझ्या वडिलांचं, जमलं नाही एकमेकांशी. समोरच्या बाई हल्ली पत्ता सांगताना काय म्हणतात, ते ऐकायला नको म्हणून मी दाढी मोरीत करतो.

काम संपलं त्या संध्याकाळी बाया आल्या. पौर्णिमेला पायरीवर थबकलेल्या त्याच मावशींनी कट्ट्याला पाठ केली, क्षणभर अंदाज घेतला आणि टेकल्या. "बसतंय की!" त्या ओरडल्या. मग एकेक करून सगळ्या बसल्या, पाय रस्त्यावर, चपला पायांत. आई वर खुर्चीत, कट्ट्याच्या अगदी कडेला. तिने चष्मा पुसला, ग्रंथ उघडला.

"तुम्ही कुठवर आलात?" तिने विचारलं.

"कुठवर येतो? भाचीची पोरगी वाचायची. स्टेशनावर गाडीची सूचना देतात ना, तसं. काय कळलं नाय. तू सोडलंस तिथंच हाय आम्ही."

"मी घरात पुढं वाचलंय थोडं."

"मग परत वाच. आमाला काय घाई हाय?"

आईने पानं मागे उलटली. मी कडेच्या पायरीवर टेप हातात घेऊन उभा होतो, सगळं नीट बसलंय ना ते बघत, कुणी काही म्हणेल याची थोडी वाट बघत. आईने मान वर केली.

"उजेडातनं बाजूला हो."

बाजूला झालो. एकच जागा उरली होती, कोपऱ्यातली, चिरलेल्या फरशीवरची. मी पाठ फिरवली आणि बसलो.