दसऱ्याला बंद केलेली हार्ड डिस्क

दत्ताराम घागला कॉम्प्युटरमधलं कितपत कळतं, असं कुणी विचारलं की भाईंदरची कॉम्प्युटरवाली पोरं हसायची. म्हणायची, "अंकलला कळत काय नाय, ऐकू येतं फक्त." चेष्टा होती, पण खोटं नव्हतं.

दत्तारामने सोळा वर्षं भाईंदर पूर्वेच्या एका स्टील भांड्यांच्या कारखान्यात मेंटेनन्स फिटर म्हणून काढली होती. मोटर बिघडायच्या आधी ती तक्रार करते, फक्त ऐकणारा पाहिजे, असा त्याचा अनुभव. लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, टोक बेअरिंगवर टेकायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. आतलं सगळं हाडातून ऐकू येतं. एकोणनव्वद साली कारखान्याला टाळं लागलं, तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता. दोन महिने घरात बसून राहिला. मग बायको सुगंधा म्हणाली, "त्या कॉम्प्युटरला पण आत मोटर असेलच ना?" बायकोच्या या एका वाक्यावर गड्याने सहा महिन्यांच्या हार्डवेअरच्या क्लासला नाव घातलं. वर्गातली पोरं अठरा-वीसची, शिकवणारा सर चोवीसचा.

तिसऱ्या आठवड्यात सरांनी चालू हार्ड डिस्क टेबलावर ठेवून दाखवली. दत्तारामला राहवेना. त्याने खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून डिस्कच्या मधोमध टेकला आणि मूठ कानाला लावली. सर ओरडले. हा डोळे न उघडता म्हणाला, "सर, बेअरिंग सुकलंय हिचं. महिना काढेल." वर्ग खदखदून हसला. बाविसाव्या दिवशी डिस्क गेली, आणि त्यानंतर हसणं जरा बेताचं झालं.

तेव्हाच्या हार्ड डिस्क आजच्यासारख्या गुपचूप काम करणाऱ्या नव्हत्या. विटेएवढा ऐवज, वीस नाहीतर चाळीस एमबीचा. बटण दाबलं की आधी घूंऽऽ करत वेग धरायचा, मग क्षणभर शांतता, मग टर्र-टर्र-टक. हे टक झालं की बघणाऱ्याचा जीव भांड्यात पडायचा, कारण चाळीसातल्या एका दिवशी ते व्हायचंच नाही. खाडीकडच्या खाऱ्या, दमट हवेत तर जास्तच. मुर्ध्याच्या एका बर्फाच्या कारखान्यातली डिस्क दर पावसाळ्यात कुरकुरायची. दत्तारामने या आवाजांची एक वहीच केली होती. 'बारीक शिट्टी : चार महिने.' 'वाळू चावल्यासारखं : आठवडा.' 'कण्हते : चालू असेल तर बंद करू नये.' 'सारख्या अंतराने टक, टक, टक : देवाचं नाव घ्या.' इंजिनियर लोकांना या वहीचा भयंकर राग यायचा. तरी अडलं की फोन यालाच करायचे.

त्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे शांती नगरमधल्या मंदाताई. नवरा गेल्यावर त्यांनी राहत्या घरातच वधू-वर सूचक केंद्र काढलं होतं. पहिली पाच वर्षं कारभार कागदी फॉर्मांवर चालला. मग एकाण्णव साली त्यांनी जुना कॉम्प्युटर घेतला आणि दारावर पाटी लावली, 'येथे कॉम्प्युटरवर स्थळे पाहून मिळतील.' लोकांना वाटायचं, मशीनच लग्न ठरवतं. मंदाताईंनीही तो गैरसमज दूर करायची घाई केली नाही. ज्याची मुलगी सहा महिन्यांत उजवली गेली, असा एक बाप तर कॉम्प्युटरला हार घालून गेला होता. अकराशे चाळीस स्थळं होती त्या डिस्कवर: उंची, नोकरी, अपेक्षा, पत्रिका, कुणाची विधवेला हरकत नाही, कुणाला मुंबईबाहेर नको. सगळं आत भरून झाल्यावर मंदाताईंनी दोन पोती फॉर्म रद्दीवाल्याला देऊन टाकले. एवढं मशीन घेतलं, आता कागद कशाला सांभाळायचे? तेव्हा बऱ्याच शहाण्या माणसांनी हेच केलं.

दत्ताराम दर महिन्याला फ्लॉप्यांवर कॉपी करून ठेवायचा. पण चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यात डबा उघडला, तर सगळ्या फ्लॉप्यांवर पांढरी बुरशी. नव्या फ्लॉप्या आणायच्या म्हणत गणपती आले. गणपतीतच त्याने डिस्कला स्क्रू ड्रायव्हर लावला. डिस्क कण्हत होती.

"ताई, आता हे मशीन बंद करायचं नाही," त्याने बजावलं. "फिरतंय तोवर फिरतंय. थांबलं तर परत उठेल याची गॅरंटी नाही. स्क्रीन बंद ठेवा, पण या लाल बटणाला हात लावू नका. दिवाळीआधी मी दुसरी डिस्क शोधून आणतो."

"लाइट गेली तर?"

"यूपीएस आहे ना. पंधरा मिनिटं धरेल. पुढचं देवावर."

मंदाताईंनी बटणावर चिकटपट्टी लावली. महिनाभर ते मशीन रात्रंदिवस घूं करत राहिलं. देवही कामाला लागला असावा, कारण लाइट एकदाही पंधरा मिनिटांवर गेली नाही. दत्तारामला एका बंद पडलेल्या ऑफिसातली ऐंशी एमबीची चांगली डिस्क मिळाली. दसरा झाला की बसवू, असं ठरलं.

आता दसऱ्याचं सांगायला हवं. कारखान्यात त्या दिवशी यंत्रांची पूजा. सगळ्या मोटरी पुसायच्या, झेंडूच्या माळा घालायच्या, हळदकुंकू वाहायचं आणि नमस्कार करून स्विच पाडायचा. त्या दिवशी लोखंडाला आराम. हे काम फिटरचं, म्हणजे दत्तारामचं. सोळा दसरे त्याने एकही चाक फिरू दिलं नव्हतं. कारखाना गेला, तरी दसऱ्याला तो आपल्या गिऱ्हाइकांकडे आपट्याची पानं घेऊन जायचा आणि त्यांच्या मशीनला हात जोडून यायचा.

त्या दुपारी तो मंदाताईंकडे पोचला, तेव्हा खाली देवीचं विसर्जन निघालं होतं. लाउडस्पीकरने खिडकीच्या काचा थरथरत होत्या. मंदाताईंनी मशीनची पूजा मांडली होती. त्या श्रीखंड वाढून आणायला आत गेल्या. दत्तारामने कॅबिनेटवर फूल वाहिलं, डोळे मिटले, हात जोडले. मग श्रीखंड खाऊन, सोनं देऊन तो सायकलवर बसला.

शांती नगरची गर्दी मागे पडली आणि मिठागरांच्या बाजूचा सुनसान रस्ता लागला. लाउडस्पीकर ऐकू येईनासा झाला. कानांना जरा निवांतपणा मिळाला, तसं त्याच्या लक्षात आलं की तो निघाला तेव्हा मशीनचं घूं त्याने ऐकलंच नव्हतं. गोंगाटात ऐकू आलं नसेल, त्याने स्वतःला समजावलं. मग डाव्या हाताच्या बोटाला चिकट काहीतरी लागलं म्हणून बघितलं, तर चिकटपट्टीचा तुकडा. नमस्कार झाल्यावर हात आपोआप बटणावर गेला होता. सोळा वर्षांची सवय, हाताने डोक्याला विचारलंच नाही.

त्याने सायकल वळवली. दहा पावलं गेला, आणि परत घराकडे वळवली. खोटं कशाला सांगा, तो घाबरला होता. उद्या सुरू होईलही, कशावरून नाही, असं घोकत तो घरी आला. सुगंधाने पान वाढलं, पण तो न जेवताच उठला.

सकाळी नऊला खालच्या वाण्याकडे मंदाताईंचा फोन आला. आवाज रडवेला होता. "भाऊ, माझ्या हातून घोळ झालाय. मशीन बंद पडलंय. चालू केलं, तर नुसतं टक, टक करतंय. काल पूजेत मी फुलाने पाणी शिंपडलं हो त्याच्यावर! बटणाची पट्टीसुद्धा ओली होऊन निघाली. माझी अक्कल कुठे शेण खायला गेली होती, देव जाणे."

दत्तारामचं तोंड उघडलं, पण त्यातून "येतो" एवढंच बाहेर पडलं.

तो ऐंशी एमबीची डिस्क घेऊन गेला. मंदाताई दारातच उभ्या होत्या, डोळे सुजलेले. "रविवारी सहा घरी बघण्याचे कार्यक्रम आहेत," त्या म्हणाल्या. "पत्ते सगळे आतच. आणि लोकांनी विश्वासाने पत्रिका दिल्यात, भाऊ. काय तोंड दाखवू? मला दुसरं काय येतंय करायला?"

तो कामाला लागला. जुनी डिस्क बाहेर काढली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली, वर टॉवेल लपेटला आणि खिडकीतल्या उन्हात तासभर ठेवली. बेअरिंगमधलं घट्ट झालेलं वंगण जरा सैल व्हावं म्हणून. ऑक्टोबरचं ऊन, चांगलं चटका देणारं. तो तासभर मंदाताई पाण्याबद्दल स्वतःला बोल लावत राहिल्या, आणि हा खिडकीकडे बघत बसला. लाज वाटत होती. आधी डिस्क उठू दे, मग सांगू, असं त्याने ठरवलं. हा पळपुटेपणा होता, हेही त्याला कळत होतं.

मग त्याने दोन्ही डिस्क वायरींना जोडल्या. जुनी तळहातावर आडवी धरली. "ताई, मी हो म्हटलं की बटण दाबा."

"मी? मी नाही हो हात लावणार त्याला!"

"दाबा. हो!"

त्यांनी बटण दाबलं, आणि त्याच क्षणी त्याने मनगटाला एक झटका दिला, अडकलेलं जातं फिरवायला देतात तसा. टक. काही नाही. परत. टक. मंदाताईंनी तोंडाला पदर लावला. तिसऱ्या झटक्याला हातात एक बारीक थरथर जाणवली. घूंऽ... चढत, अडखळत, कण्हत. घूंऽऽऽ. टर्र-टर्र-टक.

"बोलू नका, चालू नका," तो कुजबुजला. डिस्क टेबलावर अलगद ठेवून त्याने कॉपीची कमांड दिली आणि स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला. फायलींची नावं स्क्रीनवर एकेक करून सरकू लागली. दोनदा गाडी अडली, मशीनने विचारलं, सोडून देऊ की परत बघू? त्याने परत बघायला सांगितलं. एकदा, चारदा, नऊदा. नवव्या वेळेला ते सरकलं. पाऊण तास तो वाकून तसाच बसला होता. मंदाताई भिंतीला टेकून उभ्या होत्या, बसल्यासुद्धा नाहीत.

शेवटची फाईल आली. त्याने नव्या डिस्कवरून यादी उघडली. अकराशे चाळीस. मंदाताईंनी पुढे येऊन मधलंच एक स्थळ काढायला लावलं, वाचलं, आणि "सगळं आहे हो!" म्हणत मटकन खुर्चीत बसल्या. दत्तारामने जुन्या डिस्कची वायर काढली. घूं खाली खाली येत थांबलं. त्याने स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवला.

"परत कधी मेली पूजा करणार नाही मी मशीनची," मंदाताई म्हणाल्या.

झालं होतं सगळं. गप्प राहिला असता, तर जन्मात कुणाला कळलं नसतं.

"ताई, पाण्याने काही झालं नाही," तो म्हणाला. "काल बटण मी बंद केलं. तुम्ही आत होतात. कारखान्याची सवय, हात गेला. वाटेत माझ्या लक्षात आलं, आणि तरी मी परत आलो नाही."

मंदाताईंनी विचारलं, "म्हणजे मी नाही?"

"तुम्ही नाही."

"माझ्या हातून नाही झालं?"

"नाही, ताई."

मग मात्र त्यांना हुंदका फुटला. सकाळपासूनचं रडणं वेगळं होतं. डोळे पुसून झाल्यावर त्या अशा काही भडकल्या की विचारू नका. "अहो, मग आल्या आल्या तोंड उघडायला काय झालं होतं? तासभर मी स्वतःला शिव्या घालतेय, आणि तुम्ही आपले खिडकीकडे बघताय! माणूस आहात की कोण आहात? मी यांच्या फोटोसमोर नाक घासलं सकाळी!" तो खाली मान घालून ऐकत राहिला. एकेक शब्द बरोबर होता, आणि प्रत्येक शब्दागणिक त्याला बरं वाटत होतं.

बोलून दमल्यावर त्या म्हणाल्या, "काही खाल्लंत का?"

"कालच्या श्रीखंडानंतर नाही."

"मीपण नाही." त्या उठल्या. कालच्या पुऱ्या तव्यावर गरम केल्या आणि दोन ताटं घेतली. दत्तारामला अशी भूक लागली होती की पहिल्या दोन पुऱ्या कुठे गेल्या ते कळलंच नाही. तिसरी वाढताना मंदाताई म्हणाल्या, "माझा राग गेलेला नाहीये हां, भाऊ."

"राहू दे, ताई," तो भरल्या तोंडाने म्हणाला, आणि त्याच्या आवाजातला आनंद इतका उघड होता की त्यांनाच हसू आवरेना.