साहेबासाठी पांढरे केलेले दगड

सरहद्दीवरचा तो किल्ला साठ वर्षं शत्रूची वाट पाहत उभा होता. शत्रू काही आला नाही. मग राजधानीत कुणीतरी नकाशावर सरहद्द दोन कोस पुढे सरकवली आणि पलटण बिऱ्हाड उचलून निघून गेली. जाताना उतारावर सुरुंग पेरून गेली. न आलेल्या शत्रूचा पाहुणचार राहून जायला नको! ओढ्याकडे जाणारी एकच वाट मोकळी ठेवली आणि खुणेसाठी तिच्या कडेचे दगड पांढरे केले.

मागे राहिला तो चुनेवाला, रखवालदार म्हणून, आणि त्याची बायको. चुनेवाल्याला जन्मात एकच विद्या येत होती. साहेब यायचा म्हटला, की दिसेल त्या दगडाला चुना फासायचा. शिपाई म्हणायचे, "याच्यासमोर फार वेळ उभं राहू नका रे, तुम्हालाही फासेल." बायकोच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पांढरं तेवढं दिसायचं, त्याच्या आधारानं ती ओढ्यावरून पाणी आणायची.

एके दिवशी पत्र आलं. मोठे साहेब येणार, रखवालदार ठेवायचा की काढायचा ते ठरवणार. काढलं तर धाकट्या भावाच्या दारात जाऊन पडायचं, आणि भाऊ घास मोजणारा.

"दगड असे करतो, की साहेब बघत राहील," चुनेवाला म्हणाला.

"करा हो. तोवर मी पाणी आणते."

ती गेली आणि हा कामाला लागला. वाटेच्या मध्यावर जुन्या चौकीकडे एक फाटा फुटत होता. त्याचे दगड काळेकुट्ट. तिथं सुरुंग आहेत हे त्याला पक्कं ठाऊक, म्हणून पाऊल नाही टाकलं. काठीला कुंचा बांधला आणि तोंडावरचे पाच दगड लांबूनच पांढरे केले. साहेबाला एक बाजू काळी दिसायला नको! तीस वर्षांच्या सवयीला डोकं लागत नाही. खूश होऊन तो बादली धुवायला वर गेला.

धमाका झाला तेव्हा बादली हातातच होती.

ती पाचव्या दगडाच्या पुढे पडली होती. दुपारपर्यंत हाका मारत होती. तो फाट्यावर उभा राहून पाऊल उचलायचा आणि पुन्हा तिथंच ठेवायचा. भीतीपुढे त्याचं काही चाललं नाही. मग हाका थांबल्या.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. त्यांच्या माणसांनी सुरुंग काढून तिला बाहेर आणलं.

"दगड कुणी केले?"

"मीच, साहेब."

"कामाचा माणूस आहे. ठेवा याला," साहेब कारकुनाला म्हणाले. "जोडप्याची खोली मात्र काढून घ्या. आता एकट्याला कशाला?"

चुनेवाल्यानं सलाम ठोकला.