काकांची दस्तार

बारावं लागलं आणि माझी शाळा बंद व्हायची वेळ आली. नल्लकुंट्याहून बरकतपुऱ्यापर्यंत, पडद्याच्या टांग्यातसुद्धा, एकटी मुलगी जाणार नाही असं वडिलांनी सांगून टाकलं. त्यांना स्वतःला कचेरीतून सवड नव्हती. तेव्हा थोरले काका म्हणाले, मी नेईन.

काका दफ्तरातून पेन्शनीत निघालेले कारकून. उर्दू दास्तानी वाचून वाचून ते स्वतःला सरदार समजू लागले होते. दरबारात जायचं तर डोक्यावर दस्तार आणि कमरेला बगलूस, म्हणजे पट्टा, असावाच लागे. कधीतरी बोलावणं येईल म्हणून त्यांनी दोन्ही करवून ठेवलं होतं. बोलावणं काही आलं नाही, आणि तो सगळा थाट माझ्या वाट्याला आला. दसऱ्याच्या पूजेपुरती खाली उतरणारी तलवार मांडीवर घेऊन ते टांगेवाल्याशेजारी बसत. टांगेवाला त्यांना 'नवाबसाब' म्हणे आणि शाळेतल्या मुली तोंडाला पदर लावत. मला काकांचा रागच यायचा, खोटं कशाला बोलू?

एकदा समोरून वरात आली. मर्फ्याचे ढोल वाजत होते आणि पुढे अरब लोक तलवारी नाचवत होते. काकांना ती शत्रूची फौज वाटली. उतरून ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि तलवार उपसली. हातात नुसती मूठ आली. पातं इतक्या वर्षांच्या हळदीकुंकवानं म्यानातच गंजून बसलं होतं. लोक पोट धरून हसले. पण नवरदेवाकडचे एक म्हातारे मियाँ पुढे आले आणि वाकून सलाम करून म्हणाले, "इजाजत हो तो बरात निकाल लें, हुजूर?"

आधी जनाना जाईल, असं काकांनी बजावलं. आणि खरंच, सगळी वरात कडेला झाली, आमचा टांगा पुढे गेला.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट घरी पोचली होती. वडील काकांना काय बोलले ते मी ऐकलं नाही. काका दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो दस्तार पेटीत आणि डोक्यावर साधी टोपी. मला जवळ बसवून, अगदी शहाण्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "माझं डोकं फिरलं होतं, बाळ. माझ्यापायी तुला लोक हसले. आता घरीच शीक."

तो आवाज मला सोसवेना, रडूच फुटलं. शहाणे आमच्या घरात पुष्कळ होते. मला शाळेत नेणारा वेडा तेवढा एकच होता, आणि त्याचीच मला इतके दिवस लाज वाटत होती.

मी पेटी उघडली. टोपी काढून दस्तार त्यांच्या डोक्यावर ठेवली. बगलूस बांधला, तो ढिला होत होता म्हणून एक भोक आत ओढला. वडील दारात उभे राहून बघत होते.

"चला काका," मी म्हटलं, "वाटेत फौज असली तर शाळेला उशीर होईल."

काकांनी वडिलांकडे पाहिलं. वडील दारातून बाजूला झाले.